फारम मागे नाही घेत, जी

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत शिंगाड्याच्या ढिगावर आपला हात ज्या हाताला लागला तो विरोधी उमेदवाराचा आहे, हे दुर्गेश्वरीला कळलं असतं तर तिनं शिंगाडे दुसरीकडून घेतले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

दोष बॅनरचा. जिल्हा परिषदेला उभा राहिलेला स्वप्निल बॅनरवर इतका गोरा छापला होता, की त्याच्या आईनंही 'हा पाहुणा कोणाकडचा?' म्हणून विचारलं होतं म्हणे. प्रत्यक्षातला स्वप्निल सावळा, उंच, आणि हसला की डाव्या गालावर बारीकशी खळी... असो. खळीला मत देता येत नाही.

"तुमी घ्या जी आधी," तो म्हणाला.

"कोणाच्या प्रचाराले आले?" तिनं विचारलं. मंडईत कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुसरं कोण येतं?

"त्या स्वप्निलच्या."

"त्या मैद्याच्या पुतळ्याच्या? त्याच्या घरची शेती तलावाच्या तोंडाशी. पाणी पहिले त्याईले. आमचं गाव टोकाले. आमच्या धानापर्यंत पाणी पोचत नाही, आश्वासन पोचते. म्हणून मीच उभी रायली."

"मग पाडा त्याले."

"पाडतेच!"

"मदत लागली त सांगा," तो शिंगाडा सोलत म्हणाला. "मीच तो पुतळा."

दुर्गेश्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण माफी मागणं तिच्या जाहीरनाम्यात नव्हतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "निरोप पाठवायचा खर्च वाचला."

तो हसला. डावा गाल... असो, म्हटलं ना!

त्यानंतर दोघं एकमेकांना फार भेटू लागले, तेही अगदी कायदेशीर. गट एक, उमेदवार दोघंच, गावं तीच, अंगणं तीच. धान कापून झालेल्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, तनसाचा, वाळल्या पेंढ्याचा, गोडसर वास यायचा, आणि ती एका घरातून निघते तोच त्याची मोटारसायकल दारात उभी. एकदा लीलाबाईंच्या अंगणात दोघं एकदमच पोचले. घरात खाट एकच. लीलाबाईंनी दोघांना तिच्यावरच बसवलं.

"तलावाचा गाळ उपसू," स्वप्निल म्हणाला.

"उपसून टाकसान कोठी?" दुर्गेश्वरीनं चहाच्या बशीतून मान वर न करता विचारलं.

उत्तर त्याला आठवड्यानं आलं, ते सांगायला तो मुद्दाम तिच्या वाटेवर थांबला. "टोकाच्या बांध्यांत टाकू. तुमच्या. जमीन सुधारते."

"हे मले काऊन सांगून रायले? सभेत सांगा, मतं मिळतील."

"मतं मिळतील... पण तुमी असं पायनार नाही ना."

त्या दिवसापासून त्याचा अभ्यास वाढला आणि तिची झोप कमी झाली.

स्वप्निलचे काका मुन्नालाल राजकारणातले जुने कारागीर. मंडईतले शिंगाडे त्यांनी पाहिले होते, लीलाबाईंची खाट कानावर आली होती. झाडीपट्टीत मंडईला पाहुणे येतात ते नाटकासाठी, आणि नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळवायला. तेव्हा अर्ज मागे घेण्याच्या आदल्या दिवशी काका नारळ घेऊन दुर्गेश्वरीच्या बाबांच्या, शालिकरामच्या ओसरीवर हजर.

"पोरगी आमाले द्या, शालिकरामभाऊ. हुंडा नाही, मानपान नाही. फक्त तिचा फारम वापस. निवडणूक अविरोध. एकाच मांडवात लगन अन् विजयसभा!"

शालिकरामचे डोळे भरून आले. एवढ्या चांगल्या घरचा पोरगा, तोही सवलतीत!

आतून ऐकणाऱ्या दुर्गेश्वरीला रडू आलं. स्वप्निल नको असता तर नाही म्हणणं किती सोपं होतं. तो हवा होता... हीच तर पंचाईत.

संध्याकाळी तिनं त्याला तलावाच्या पाळीवर गाठलं.

"तुले माहीत होतं?"

"आत्ताच समजलं. दुर्गा, ऐक, तू नको घेऊ. मीच घेतो फारम मागे. तू अविरोध निवडून ये. मग त झालं?"

त्याला वाटलं, ती विरघळेल. ती भडकली.

"खैरात देतोस मले? अरे, आमच्या टोकाच्या गावाले माणसं येतात ती मतासाठी. निवडणूकच नाही झाली त कोण येईल? एक तेवढा दिवस आमी मोजले जातो, तोही तू प्रेमात वाहून टाकशीन?"

पाण्यावर बगळा उतरला.

"म्हणजे मी तुझ्याविरुद्ध लढू?" त्यानं हळूच विचारलं.

"पुऱ्या ताकदीनं. अर्ध्या मनानं लढला त तोंड नाही पायनार तुझं."

दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात मुन्नालाल पेढ्यांचा डबा घेऊन उभे होते. अर्ज मागे घेण्याची मुदत तीनपर्यंत. बाकावर दुर्गेश्वरी, तिच्याशेजारी शालिकराम, समोर घड्याळ. स्वप्निल आला आणि सगळ्यांदेखत तिच्या दुसऱ्या बाजूला बसला.

"बेटी, सही कर," काका म्हणाले.

"फारम मागे नाही घेत, जी."

"स्वप्निल, समजाव हिले!"

"समजावलं असतं, काकाजी. पण तिनंच मले समजावलं ना."

"घरात दोन पार्ट्या? लोक हसतील!"

"हसू द्या. हसता हसता मत देतील," दुर्गेश्वरी म्हणाली. "अन् ज्याले दोन उमेदवार एका घरात नाही खपत, त्यानं आमच्या लग्नाले येऊ नये."

लग्नाले! शालिकरामनं तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःची टोपी नीट केली, जशी तो फक्त सोयरे आल्यावर करायचा.

तीन वाजले. आतल्या बाबूनं खिडकी लावली. मुन्नालालनी काय करावं ते न सुचून एक पेढा स्वतःच खाल्ला.

"उद्या तुमच्या गावात पयली सभा आहे माझी," स्वप्निल तिच्याकडे वळून म्हणाला. "टोकाच्या लोकाईले हात जोडीन. तुलेही मत मागू का?"

"मत नको मागू. ते मी मलेच देणार," दुर्गेश्वरी म्हणाली, आणि भर व्हरांड्यात, तहसीलच्या साक्षीनं, तिनं त्याचा हात धरला. "ते सोडून दुसरं काय मागायचं ते माग."

त्यानं तोच हात मागितला.