व्हर्नच्या आधी

व्हर्न हॅस्केट आमच्या रेडिओ स्टेशनवर आला तेव्हा डुकरांचे आणि मक्याचे भाव वाचायचा. नेब्रास्कासारख्या शेतकरी राज्यात ते भाव सगळे ऐकतात, वाचणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. एकदा सकाळचा निवेदक आजारी पडला, म्हणून व्हर्नला बसवलं. करवाढीची बाजू घेणाऱ्या एका मास्तराला त्याने फोनवर असं काही झापलं, की मालकाने सगळी सकाळच त्याला देऊन टाकली. मग देव, देश, सरहद्द, सरकारी उधळपट्टी. तीन राज्यं त्याच्या शिव्या ऐकत नाश्ता करू लागली.

मी डार्लीन. फोन मी घ्यायचे, निवडून त्याला जोडायचे, आणि वर बोलणीही मीच खायचे.

त्या सोमवारी न्यूयॉर्कची एक मोठी रेडिओ कंपनी ऐकत होती. पसंत पडला तर व्हर्न न्यूयॉर्कहून देशभर ऐकू जाणार होता.

"बिनडोक माणसं दे आज," तो म्हणाला. "तुझ्यासारखी."

"मला नेणार आहेस ना तिकडे?"

"तिकडे हुशार बायका मिळतात."

मेल्याचा गळा धरावासा वाटला.

आमचं बोलणं सात सेकंद उशिरा प्रसारित होतं. कुणी घाण बोललं तर तेवढं कापता येतं. त्यामुळे माझ्या एका कानात व्हर्न असतो, दुसऱ्यात रेडिओ, आणि रेडिओ कायम मागे.

त्या दिवशी तो पुढे होता.

"ही फुकटी जमात," रेडिओवर व्हर्न म्हणाला. मग काचेपलीकडे व्हर्नने तोंड उघडलं. "ही फुकटी जमात..."

मी वायरी तपासल्या. ठीक होत्या.

अंतर वाढत गेलं. रेडिओवर एखाद्याचा पाणउतारा होऊन जायचा, आणि त्याचा फोन माझ्याकडे नंतर वाजायचा.

व्हर्नच्याही ते लक्षात आलं. तो बोलायचा थांबला.

रेडिओ थांबला नाही.

न्यूयॉर्कचा फोन आला. "करार पक्का. हाच आवाज हवा."

व्हर्न काचेवर मुठी आपटत होता. तोंड हलत होतं. माझ्या ज्या कानात व्हर्न असतो, तिथे काहीच येत नव्हतं.

मग त्याच कानात रेडिओवरचा तो आला. व्हर्नचाच आवाज, पण मऊ.

"डार्लीन, तूही चल न्यूयॉर्कला. पुढचा फोन दे."

मी व्हर्नकडे पाहिलं. कीव आली नाही.

"हेस्टिंग्ज गावची एक बाई आहे," मी म्हणाले आणि फोन जोडला.

"माहीत आहे," तो आवाज म्हणाला. "मघाशीच रडली ती."