डाव्या गालाची लाली

पाऊस काही जोराचा नव्हता. पण छत्री विसरलेल्या माणसाला भिजवायला पुरेल एवढा होता. म्हणून आठी धावतपळत कुलपांच्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरली, आणि तिच्या हातातली पेटी तिथे आधीच उभ्या असलेल्या एका तरुणाच्या पायावर आदळली.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी... लागलं का?"

"लागलं. पण तुम्ही विचारलंत ना, म्हणून जरा कमी लागलं."

बोलणं आगाऊ होतं, आवाज मात्र फार हळू. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, असा. आठीने वर पाहिलं. उंच, सडसडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि हात... इतके स्वच्छ हात तिने फक्त दवाखान्यात पाहिले होते. त्याच्याही पायाशी एक पेटी होती. तिच्यासारखीच चंदेरी, दोन खटक्यांची.

"अगंबाई, सेम टू सेम! तुमचंही चेहऱ्यांचं काम का?"

तो दचकला. "हो... तुमचंही?"

"मग काय! गिऱ्हाइकं डोकं खातात की नाही तुमचं?"

"नाही हो. पडून असतात बिचारी."

"तक्रारी?"

"आजपर्यंत एकाचीही नाही."

"नशीबवान आहात! पण परत येतात का?"

तो क्षणभर विचारात पडला. "आली तर... मी काम सोडीन."

आठी खळखळून हसली. म्हणजे ओठ हसले. कपाळ जागचं हललं नाही. त्याची नजर नेमकी तिथेच गेली. तो तिचं कपाळ, डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा न्याहाळत राहिला. असं कुणी बघायला लागलं की एरवी ती फटकन सुनावून मोकळी होई. पण या बघण्यात वखवख नव्हती, काळजी होती, आणि तीच तिला झोंबली.

"काय बघताय एवढं?"

"काही नाही," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही श्वास घेताय ना... एवढंच. सवय आहे."

अंगावर सरकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो काटा तिला आवडलाही. पाऊस ओसरला. दोघांनी एकदमच वाकून पेट्या उचलल्या, बोटांना बोटं लागली. त्याची बोटं बर्फासारखी गार होती.

आठी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मल्यापासून कपाळाला आठ्या घालून जगाकडे बघायची, म्हणून मावशीने ठेवलेलं ते नाव. गंमत अशी की आता त्या कपाळावर औषधालाही आठी उरली नव्हती. आईमागे तिला वाढवलेली ही मावशी त्वचेची डॉक्टर. कापाकापी न करता चेहरा तरुण ठेवायचा, हा तिचा धंदा: कपाळाच्या स्नायूंना झोपवणारी इंजेक्शनं, खोलगट गालांत भरायचे फिलर, लेसर, त्वचेचा वरचा थर काढणारं पील. आणि आठी तिचा उजवा हात, शिवाय दवाखान्याची जाहिरातही. "ही बघा माझी भाची, वय ओळखा पाहू," असं म्हणून मावशी तिला बायकांसमोर उभी करायची, आणि कुणालाही ते ओळखता येत नसे.

दवाखान्याचा एक नियम होता. कुठलंही नवं मलम गिऱ्हाइकाला लावण्याआधी आठीच्या डाव्या गालाला लागायचं. गाल चुरचुरला नाही तरच पुढे.

त्या दुपारी तिने पेटी उघडली, तर वरच एक पांढरी, बिननावाची बरणी. नवा नमुना येणार होता, तोच मावशीने टाकला असणार, असं समजून तिने बोटभर मलम डाव्या गालाला चोळलं. गार लागलं. छान गार. मग गारवा हळूहळू आत शिरला, दाढेपर्यंत गेला आणि तिथेच बसला. आरशात पाहिलं तर डावा गाल संगमरवरी, नितळ, एक रेघ नाही. तिने तो चिमटीत धरला. काहीच कळलं नाही. जोरात ओढला. तो दुसऱ्या कुणाचा तरी गाल होता.

"अगं, काय जादू आहे!" मावशी हरखून म्हणाली. "कुठल्या कंपनीचं गं?"

आठीने बरणीखालचं सामान उपसलं. कापसाचे गच्च बोळे. मेणाची वडी. एक कंगवा, त्यात अडकलेला लांब पांढरा केस. आणि दोरा ओवलेली एक वाकडी सुई... ही पेटी तिची नव्हतीच.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार. तुमच्या पेटीवर हा नंबर होता. मी निरोप्या बोलतोय."

"कुणाचा निरोप आणलाय?"

"आणत नाही हो," तो हळू आवाज म्हणाला. "मी निरोप देतो. निरोपघरात असतो मी. गेलेल्या माणसांचे चेहरे नीट करतो, घरच्यांना शेवटचं बघता यावं म्हणून. तुमची पेटी माझ्याकडे आलीये, आणि... जरा घोटाळा झालाय. तुम्ही येता का? लगेच?"

निरोपघर शहराच्या टोकाला होतं. ओल्या भिंतींचं, बुटकं, आत साबणाचा आणि फुलांचा मिसळलेला वास. निरोप्या दारातच उभा होता. तिने काही न बोलता त्याचा हात धरून आपल्या डाव्या गालावर टेकवला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्ही ते लावलंत?"

"तुम्ही माझं काय लावलंत ते आधी सांगा."

"गुलाबी बाटली होती. मला वाटलं आमचाच नवा रंग आला." त्याने आवाज आणखी खाली आणला. "बाई लाजल्या."

"काय?"

"आतल्या आजी. डाव्या गालाला लावलं आणि गाल लाल झाला. गरमसुद्धा झाला. डॉक्टर येऊन बघून गेले. नाडी नाही, श्वास नाही, काही नाही. फक्त गाल जिवंत आहे."

आठीला हसू येत होतं आणि रडूही. चेहऱ्याने दोन्हीला नकार दिला. "माझा परत कसा यायचा?"

"माहीत नाही. माझ्याकडून अजून कुणी परत गेलेलं नाही." मग स्वतःच जीभ चावून तो म्हणाला, "म्हणजे... गरम पाण्याचा शेक देऊन बघू."

शेक झाला. चोळून झालं, फुंकून झालं. शेवटी कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "गोष्टीत एक उपाय असतो... तुमची हरकत नसेल तर."

"उपचार म्हणून?"

"फक्त उपचार म्हणून!"

त्याने डोळे मिटून तिच्या गालावर ओठ टेकवले. आठीने श्वास रोखून वाट पाहिली, आणि तिला काही म्हणजे काहीच जाणवलं नाही. एवढं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आवडावं, आणि त्याने दिलेली पहिली पापी भिंतीला दिल्यासारखी वाया जावी! मुख्य म्हणजे तो गाल असाच राहिला, तर यापुढेही सगळं असंच होणार होतं.

आणि मग जाणवलं. डाव्या गालावर एक हात. त्याचा नव्हे, तो तर आता दोन पावलं दूर उभा होता. म्हातारा, खरखरीत, थरथरणारा हात. अंगठा डोळ्याखालून कानाकडे हळूच फिरत होता.

"कोण... कोण हात लावतंय मला?" ती ओरडली.

निरोप्याने आतल्या दाराकडे पाहिलं. काचेतून आतली खोली दिसत होती. पांढऱ्या चादरीखाली एक आजी, उशाशी खुर्चीत एक आजोबा, आणि त्यांचा हात आजीच्या लाल गालावर.

आठीने आपला गाल तळव्याने झाकला, तरी तो हात फिरतच राहिला.

"उद्या सकाळी त्यांना न्यायचंय," तो म्हणाला. "आजोबा नेऊच देत नाहीत, म्हणतात ती झोपलीये. पण न्यावं तर लागणारच. आणि नेल्यावर जे होईल ते..."

"मला जाणवेल."

"हो. आणि त्यानंतर त्या गालाला कधीच काही जाणवणार नाही." त्याने मुठी आवळल्या. "मी आजोबांना चहाला बाहेर पाठवतो. तेवढ्यात तो रंग पुसून टाकतो. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तुम्ही असं कधी केलंय?"

"कधीच नाही. पण तुमच्यासाठी करीन."

हे ऐकून तिला हो म्हणावंसं वाटलं. पण त्याच वेळी तो अंगठा पुन्हा फिरला, डोळ्याखालून कानाकडे, आणि तिला कळलं की हे चोरून करायचं नाही. ज्याचा हात आपल्या गालावर आहे, त्याला फसवायचं कसं?

ती आत गेली, आजोबांसमोर बसली आणि सगळं खरं सांगून टाकलं: पेट्या, मलम, बाटली.

आजोबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी हात लावतो तो..."

"मला कळतो. हो."

त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "अरेरे! माफ कर हं पोरी. परक्या मुलीच्या गालाला... मघापासून! मला काय ठाऊक?"

"असू दे हो आजोबा."

"असू दे कसं! ही असती तर फाडून खाल्लं असतं मला." ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "फार लाजाळू होती. चारचौघांत हातसुद्धा धरू द्यायची नाही. कुणी बघेल म्हणायची. आज जरा लावू दिला तर... तोही तुझाच निघाला."

 आठीने खुर्ची पुढे सरकवली. "अजून एकदा लावा. सावकाश. मी आहे इथे, मला चालेल."

आजोबांनी हात उचलला, आणि आठीने डोळे मिटले. सगळा संसार होता त्या बोटांत. रागावून अबोला धरला होता त्याची कबुली होती, मुलांपासून लपून केलेली चेष्टा होती, कधीच न उच्चारलेलं प्रेम होतं. आपल्यावरही एवढं प्रेम करणारं माणूस भेटलंच पाहिजे, असं तिला वाटलं आणि ती निरोप्याचा विचार करतेय हेही लक्षात आलं.

"घे बाई, तुझं तुला," आजोबा म्हणाले. "ही कुणाचं काही ठेवून घ्यायची नाही. उसनी वाटी आणली तरी परत देताना आत काहीतरी घालून द्यायची."

निरोप्याने पाण्यात भिजवलेला कापूस पुढे केला. आजोबांनीच तो घेतला आणि बायकोचा गाल स्वतःच्या हाताने पुसला. लाली फिकी होत गेली. आठीच्या दाढेत ठणका उठला, कान तापले, आणि डावा गाल मुंग्या येत येत जिवंत झाला. चादरीखालची आजी आता निवांत पांढरी दिसत होती. आजोबा उठले आणि म्हणाले, "आता न्या."

दुसऱ्या दिवशी मावशीने तिला दिव्याखाली बसवलं आणि भिंग डोळ्याला लावून किंचाळली. "अगं बया! हे काय?"

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक, खोडकर सुरकुत्यांचा पंखा उमटला होता. पुष्कळ वर्षं, पुष्कळ हसून पडतात तसा. उजवीकडे मात्र काही नाही.

"बस सरळ. सुई टोचते. दोन मिनिटांचं काम."

"नको मावशी. त्या माझ्या नाहीत."

"तुझ्या नाहीत तर काढायलाच हव्यात!"

"मला दिल्यात गं त्या कुणीतरी. दिलेली वस्तू अशी टाकतात का?"

"आणि गिऱ्हाइकांना काय दाखवू? तुझं कपाळ?"

"आरसा दाखव. स्वतःलाच बघायला येतात की त्या."

मावशीने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. ती काही पटलेली नव्हती. पण भाचीच्या त्या कोपऱ्याकडे तिने दोनतीनदा वळून पाहिलं आणि दुसऱ्या खोलीत जाताना स्वतःच्या डोळ्याच्या गुळगुळीत कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

संध्याकाळी निरोप्या दवाखान्याच्या जिन्यात आला. तिची पेटी घेऊन. पेटी द्यायची सोडून तिच्या खटक्यांशीच चाळा करत राहिला.

"आत ये ना."

"नको. इथेच बरं." खटका उघड, खटका लाव. "एक विचारायचं होतं... माझ्या हातांना गारठ्याची सवय आहे. दिवसभर ज्यांना हात लावतो त्यांना तो गार लागत नाही. पण तू... तुला लागेल."

"लावून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

त्याने भीत भीत तिच्या डाव्या गालावर तळवा ठेवला. गारच होता, अगदी काल पावसात लागला होता तसा. आठीला तो पूर्ण, काठोकाठ जाणवला. गाल तापला. त्याचा तळवा तापला. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मला तू फार आवडतेस. आणि मी घरी येईन ना, तेव्हा कुठून आलोय हे तुला रोज माहीत असेल. चालेल? सांग... हो की नाही?"

हो तर होतंच. पण आठीने ठरवलं, लगेच सांगायचं नाही. जरा ताटकळू दे. विचार करून कळवते म्हणायचं, दोन दिवस फोन उचलायचा नाही. तिने चेहरा शक्य तेवढा कोरा केला. एवढी वर्षं तेच तर काम होतं तिचं.

पण निरोप्या हसायला लागला.

"काय झालं?"

"कळलं मला उत्तर."

"मी अजून काही बोललेच नाहीये!"

"तू नाही बोललीस," तो तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "पण आजी हसल्या."