अजून थोडं राहिलंय

खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. जिन्याच्या अठरा पायऱ्या चढून उजवीकडे वळलं की हिरवं दार. दारावर पाटी होती: 'मसाज. वेळ ठरवून यावे.' आत कमरेएवढा उंच पलंग, तोंड टेकायला मध्ये भोक असलेली उशी, तेल कोमट ठेवायला गरम पाण्याचं भांडं, निळ्या काठाच्या सहा चादरी आणि खिडकीशी टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात कार्डं होती. प्रत्येक कार्डावर माणसाच्या पाठीची रेखाकृती छापलेली. गाठ लागेल तिथे ती लाल पेन्सिलीने ठिपका द्यायची आणि गाठ सुटली की त्या ठिपक्याभोवती गोल काढायची.

भिंतीवर घड्याळ नव्हतं. ते तिने मुद्दामच लावलं नव्हतं.

याआधी अकरा वर्षं ती एका मोठ्या उपचार केंद्रात होती. तिथे एका माणसाला वीस मिनिटं मिळत. विसाव्या मिनिटाला घंटी वाजे आणि अंगठ्याखाली नुकतीच मऊ पडू लागलेली गाठ तशीच सोडून पुढच्या पलंगाकडे वळावं लागे. पलंगावरचा माणूस उशीच्या भोकातून म्हणे, "अजून थोडं राहिलंय हो." ती म्हणे, "पुढच्या वेळी." अकरा वर्षांत तिने हजारो गाठी चाचपल्या असतील, पण शेवटपर्यंत सोडवलेली एकही नव्हती. तिला स्वतःची खोली हवी होती ती एवढ्याचसाठी. हाती घेतलेली पाठ पुरी करून द्यायची, मग कितीही वेळ लागो.

नोकरी सोडली त्या दिवशी आई म्हणाली, "चिंगे, भरल्या ताटावरून उठतेयस." घरात त्या दोघीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने शिवणयंत्र काढलं, पलंगाच्या मापाच्या सहा चादरींना निळा काठ लावून दिला आणि म्हणाली, "काठ असला की धुलाईत हरवत नाहीत."

पहिला आला खालचा चष्मेवाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वाकून बघून त्याची मान धरली होती. डाव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या सपाट हाडाच्या, आतल्या कडेला वाटाण्याएवढी गाठ होती.

"बाई, तुम्ही मान सोडवा, मी तुमची जाहिरात करतो," तो उशीतून बोलत होता. "माझ्याकडे आलेल्याला दिसायला लागलं की पहिली तुमचीच पाटी वाचायला लावतो."

ती रगडत नसे. गाठीवर अंगठा ठेवायचा, दाब एकसारखा धरायचा आणि थांबायचं. साधारण चाळिसाव्या मिनिटाला, साखरेचा खडा पाण्यात बसावा तशी ती गाठ बसली. अंगठ्याखाली नुसती ऊबदार, सपाट पाठ उरली. तिच्या आयुष्यातली ती पहिली पुरी सुटलेली गाठ.

चष्मेवाला उठून बसला. मान इकडे-तिकडे फिरवली, खोलीभर नजर टाकली. "छान आहे जागा," तो म्हणाला. "कधी सुरू केलीत?"

त्याला थट्टेची सवय होती. ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात त्याने अदबीने विचारलं, "वर कोणाकडे?"

तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी तिने उलट विचारलं, "तुमची मान कशी आहे?"

"मानेला काय झालंय?" तो म्हणाला. "ठणठणीत आहे. वर मसाजवाल्या बाई आल्यात म्हणे, पण मला काही जायची वेळ आली नाही."

माणसं येत होती. एक शिंपीण आली, एक गवंडी आला, वाचनालयातल्या बाई आल्या. प्रत्येक जण 'पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो' म्हणून पलंगावर आडवा होई, पण जो पुरता हलका होऊन उठे तो पुन्हा फिरकत नसे. बरं झालेला माणूस परत कशाला येईल? हे कारण साधं होतं आणि रोज सकाळी जिन्यात चष्मेवाला भेटत नसता, तर तिला ते पुरलंही असतं.

एके दिवशी ती पुस्तकं परत करायला वाचनालयात गेली. तिथल्या बाई सहा वर्षं तिच्यासाठी नवी पुस्तकं बाजूला काढून ठेवत आल्या होत्या. आज त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नवीन का? मग आधी हा फॉर्म भरा."

ती घरी न जाता खोलीवर परतली. सगळी कार्डं टेबलावर मांडली. पाच महिन्यांत तेवीस माणसं. चौदा ठिपक्यांभोवती गोल होता आणि त्या चौदांपैकी एकही परत आला नव्हता. उरलेल्या नऊ जणांना काही ना काही कारणाने मध्येच उठावं लागलं होतं. कोणाला फोन आला, कोणाची बस होती. ते नऊच्या नऊ परत आले होते. तेवीस हा आकडा लहान असतो, तिने स्वतःला बजावलं. लहान आकड्यांत माणसाला हवं ते दिसतं.

म्हणून तिने पडताळून पाहायचं ठरवलं. नऊ जणांत एक दाताच्या डॉक्टरीण होत्या. दोनदा अर्ध्यातून उठून गेलेल्या, बडबड्या, एव्हाना तिला अगंतुगं करू लागलेल्या. तिसऱ्या खेपेला तिने अंगठा काढला नाही.

"आमच्या सासूबाईंचं ऐक," डॉक्टरीणबाई उशीतून सांगत होत्या. "कवळी करून दिली, तर म्हणतात ही माझी नाहीच. मी म्हटलं, अहो, तुमच्याच तोंडातून..."

वाक्य तिथेच थांबलं. अंगठ्याखाली गाठ बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी उशीतून तोंड वर काढलं. गालांवर भोकाच्या कडेचा वळ उमटला होता. "माफ करा हं," त्या म्हणाल्या. "मी इथे कशासाठी आले होते?"

"पाठीसाठी."

"पण पाठ तर छान आहे माझी."

त्या गेल्यावर तिने खोका पुढे ओढला. पंधरावा गोल काढला. मग बाजारात जाऊन घंटी वाजणारं घड्याळ घेऊन आली आणि खिळा ठोकून भिंतीवर लावलं.

त्या दिवसापासून तिचं बस्तान बसलं. वीस मिनिटांनी घंटी वाजे, ती हात काढे. "अजून थोडं राहिलंय हो." "पुढच्या वेळी." माणसं परत येऊ लागली, सोबत आणखी माणसं आणू लागली. नव्या माणसांसाठी तिला बाहेर जिन्यात बाक ठेवावा लागला. सगळी तिला ओळखत, तिची चौकशी करत आणि सगळ्यांचं थोडं थोडं दुखत राही. लाल पेन्सिलीने आता फक्त ठिपके पडत. संध्याकाळी खोका बंद करताना तिला केंद्रातली घंटी आठवे. तिथे निदान ती दुसऱ्या कोणीतरी लावलेली होती.

त्याच सुमाराला तिच्या स्वतःच्या पाठीत, डाव्या फऱ्याच्या आतल्या कडेला, काहीतरी टोचू लागलं. तिथे स्वतःचा हात पोचत नाही. वरून नाही की खालून नाही. तिने दोन्हीकडून मोजून पाहिलं होतं. तीन बोटं कमी पडत.

आणि आईचा खांदा धरला.

आधी नुसती कुरकुर होती. मग हात खांद्याच्या वर जाईना. मग आडवं पडवेना म्हणून आई खुर्चीतच बसून झोपू लागली. तिने डॉक्टर केले, गोळ्या आणल्या, गरम पाण्याची पिशवी दिली. हात मात्र लावला नाही.

"जगाच्या पाठी धरतेस," आई म्हणाली, "आणि आईच्या पाठीला रबराची पिशवी!"

"घरच्या माणसांवर नीट काम होत नाही, आई. दुसऱ्या कोणाकडे घेऊन जाते तुला."

"का, माझी पाठ काय तुला परकी झाली?"

तिने काहीतरी उत्तर दिलं. आईने तिच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. ते जास्त वाईट होतं.

एका बुधवारी चारची वेळ शेजारच्या काकूंच्या नावावर होती. दार उघडलं तर आई. अठरा पायऱ्या चढून दम लागलेला, एका हाताने दुसरा हात धरलेला, केस न विंचरलेले.

"काकूंचं नाव सांगून वेळ घेतली," आई म्हणाली. "तुझ्याकडे घरच्यांचा वशिला चालत नाही ना, मग काय करणार?" ती हसायला गेली, पण हसताना खांदा हलला आणि तोंड वेडंवाकडं झालं. "आज कंगवा धरवेना गं."

तिने एक कोरं कार्ड काढलं. वर 'आई' लिहिलं. पुढे काय लिहायचं ते सुचेना. गाठ शोधायला वेळ लागला नाही. डावा फरा, आतली कडा. ठिपका दिला आणि घड्याळाची घंटी वीसऐवजी दहा मिनिटांवर लावली.

"तू लहानपणी माझ्या पाठीवर चालायचीस," उशीच्या भोकातून आईचा आवाज आला. "दिवसभर शिवण करून पाठ मोडायची. मी पालथी पडायचे आणि तू भिंतीला हात धरून एवढ्याशा पावलांनी वर-खाली करायचीस. तेव्हापासूनच हा धंदा आहे तुझा."

घंटी वाजली. तिने हात काढला.

"थांबलीस का? अजून थोडं राहिलंय गं."

"पुढच्या वेळी, आई."

आईने उठायला हात टेकला. तिच्या तोंडून निघालेला आवाज बारीक होता. घरात कधी ऐकला नव्हता असा.

"चिंगे," आई पुन्हा उशीत तोंड घालून म्हणाली, "महिना झाला, खुर्चीत बसून उजाडायची वाट बघते. अर्धवट नको सोडूस."

तिने अंगठा परत ठेवला. मोहरीएवढी ठेवायची, तिने ठरवलं. एवढीशी गाठ राहिली तरी माणूस राहतो. तिचा अंगठा आता मोहरी आणि काही नाही यांतला फरक ओळखत होता. वाटाण्याची मसूर झाली. मसुराची मोहरी होऊ लागली.

"बोल ना, आई. बोलत राहा."

"काय बोलू? तेलाचा हात असायचा तुझा. भिंतीवर तुझ्या पंजांचे ठसे उठले होते. सगळे म्हणायचे रंग लाव, रंग लाव. मी म्हटलं, राहू देत, ते तर माझ्या..."

तिने अंगठा उचलला.

गाठ बसण्याआधी उचलला की नंतर, हे तिला सांगता आलं नसतं.

आई सावकाश उठून बसली. हात खांद्याच्या वर नेला, आणखी वर नेला आणि विस्कटलेल्या केसांतून बोटं फिरवली. चेहरा इतका मोकळा कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तिच्याकडे बघून आई मनापासून हसली.

"फार छान हात आहे हो तुमचा."

'हो'. 'तुमचा'.

"आई," ती म्हणाली.

"बोला ना. या वयात मला सगळेच आई म्हणतात."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"एकटीच असते." आईने उशी झटकून जागेवर ठेवली. "पहिल्यापासून. सवय आहे."

ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने तिच्या डाव्या खांद्यावर एक हात आला.

"अगबाई, रडताय होय? आणि हा खांदा बघा, कानाला लागलाय. दुसऱ्याचं करता करता तुम्ही लोक स्वतःकडे बघतच नाही. बसा अशाच. मला तुमच्यासारखं येत नाही, पण दाबून देते."

अंगठा न चाचपता नेमका तिथे गेला. फऱ्याच्या आतली कडा. तीन बोटं कमी पडत होती, तिथे.

घंटी लावलेली नव्हती. उठायला एक पाऊल पुरलं असतं. नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी तो हात थांबला असता. तसा तो समजूतदार हात होता.

भिंतीवरचे ठसे. निळा काठ. कंगवा.

"कमी झालं का?" मागून आवाज आला.

"अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली.

खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. पाठ कशी हलकी झाली होती. समोर एक वयस्क बाई चष्मा पुसत उभ्या होत्या.

"बरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"खूपच. आभारी आहे. आपण...?"

"मी पाठ दाखवायला आले होते, बहुतेक."

"झाली ना?"

"झाली."

दिवसाचं काम संपलं होतं. तिने चादर घडी केली, खोका आवरायला घेतला. टेबलावर एक कार्ड पडलं होतं. त्यावर एकच ठिपका आणि वर कोणीतरी नुसतं 'आई' लिहिलेलं. नाव नाही, पत्ता नाही. अर्धवट भरलेलं कार्ड तिला आवडत नसे. तिने ते खोक्यात सगळ्यात मागे सारलं आणि दाराला कुलूप घातलं.

खाली चष्मेवाल्याने दोघींना विचारलं, "वर कोणाकडे?"

रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्हीही इकडूनच?"

"हो, पुढेच."

औषधांच्या दुकानापाशी दोघी डावीकडे वळल्या. योगायोग म्हणून हसल्या. बंद बेकरीनंतरच्या इमारतीत दोघी शिरल्या. जिन्यात तिने बाईंच्या कोपराला आधार दिला.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"माझाही."

तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दारासमोर दोघी थांबल्या. समोरचीने पुढे जावं म्हणून दोघींनी अदबीने थोडी वाट पाहिली. मग दोघींनी आपापल्या पिशवीत हात घालून किल्ली काढली.

दोन्ही किल्ल्यांना निळ्या काठाची चिंधी बांधलेली होती. एकाच कापडाची.