एकशे तीस पावलं

"थांबा! आत्ताच विंचरलीय!"

मी ओरडले आणि तो एका पायावर थबकला. दुसरा पाय माझ्या वाळूवर, हवेतच. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू दाताळ्यानं सारखी करणं हे माझं काम. बाकीचं मैदान बाबा सांभाळायचे, खड्डा माझा. ती गुळगुळीत वाळू कुणी उगाच तुडवली की माझं डोकं फिरायचं.

"मग उडी कुठे मारू?" तो तसाच, बगळ्यासारखा उभा राहून म्हणाला.

"उडी मारा ना. चालत कशाला जाताय?"

"म्हणजे चालत आलो तर ओरडा, आणि उडून आलो तर स्वागत! छान आहे तुमचं."

मला हसू आलं. ते लपवायला मी पाठ फिरवली... पण त्यानं पाहिलंच असावं. कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

आठ महिन्यांपूर्वी मामाबरोबर तो आमच्या देशात आला होता. पहाटेपासून लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची आणि पाळी संपली की थेट मैदान. त्याच्या अंगाला नेहमी गरम कापडाचा वास यायचा, मनगटावर चटक्यांचे डाग होते. बाबा त्याला "पाहुणे" म्हणायचे आणि डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवायचे. तो नको नको म्हणत सगळं संपवायचा.

धाव कुठून सुरू करायची हे ठरवायची त्याची एक तऱ्हा होती. उडीच्या पट्टीपासून मागे, टाचेला बोटं भिडवत, बुटानं बूट मोजत जायचं. एकशे तीस पावलं भरली की तिथे चुन्याची खूण. तिथून सुटला की शेवटचा पाय बरोबर पट्टीवर पडायचा.

"ऑफिसात टेप आहे, देऊ का?" मी एकदा विचारलं.

"टेप हरवते. पाय हरवत नाहीत. आमच्या गावच्या सरांनी असंच शिकवलंय."

"आणि मोजताना कुणी मधेच बोललं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

मग काय! रोज तो नव्वदीच्या आसपास पोचला की मी हटकून काहीतरी विचारायचे. "आज ऊन जरा जास्तच आहे, नाही?" तो डोळे मिटायचा, उसासा टाकायचा आणि मुकाट्यानं पट्टीपाशी परत यायचा. रागावला मात्र कधीच नाही.

मला तो आवडत होता. आता आडपडदा कशाला ठेवू?

पण हे सगळं निवड चाचणीपर्यंतच होतं. सात मीटर उडी मारली तर क्रीडा वसतिगृहात जागा, जेवण आणि प्रशिक्षक मिळणार होता. नाही मारली तर मामा त्याला घेऊन दूरच्या बंदरावर मासळीच्या कारखान्यात जाणार होता. तिकडे मैदान नव्हतं. मामानं तेवढीच मुदत दिली होती.

आणि नेमका चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या उजव्या बुटाचा तळवा निम्मा सुटून लोंबायला लागला.

मी घरी पळाले. दादाचे उडीचे बूट माळ्यावर पडून होते, जवळजवळ नवेच. लग्नानंतर दादानं उडी सोडली, त्याचं पोट सुटलं.

"थोडे मोठे होतील," मी म्हटलं. "पुढे कापूस घालू."

त्यानं बूट हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. "तुम्ही... माझ्यासाठी धावत आलात?"

"छे! भरभर चालत आले," मी म्हटलं. धाप लागली होती ती लागलीच होती.

चाचणीच्या सकाळी त्यानं एकशे तीस पावलं मोजली, खूण केली. प्रत्येकाला तीन उड्या. पहिल्या उडीत पट्टी यायच्या कितीतरी आधीच त्याचा पाय उचलला गेला. सहा मीटरसुद्धा नाही. दुसरीत तो ढांगा ताणत पळाला, पाय पट्टीपलीकडे गेला आणि लाल झेंडा वर झाला. तो मान खाली घालून वाळूतून बाहेर पडला. मामा बाकावरून उठून पिशवी आवरायला लागला.

मी वाळू सारखी करायला वाकले. समोर त्याच्या बुटांचे ठसे होते. तीन महिने रोज मीच पुसलेले ठसे... पण हे ते नव्हते! जुना ठसा दाताळ्याच्या नऊ दातांत नेमका बसायचा. हा बोटाच्या रुंदीएवढा जास्त लांब होता.

बोटभर. एकशे तीस वेळा बोटभर! त्याची खूण जवळजवळ दोन मीटर मागे गेली होती, आणि ती मी आणलेल्या बुटांनी नेली होती.

खड्ड्यावरच्या माणसांनी खेळाडूशी बोलायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम. माझं तोंड त्याआधीच उघडलं होतं.

"अहो पाहुणे! जुन्या बुटानं मोजा! जुन्या!"

पंच तांबडे लाल झाले. माझ्या हातातलं दाताळं काढून घेतलं आणि मला पार कुंपणापाशी खुर्चीवर बसवलं. बसले. मला काय त्याचं!

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. पिशवीतून फाटके बूट काढले, चढवले आणि धावपट्टीच्या कडेनं, लोंबणारा तळवा फटफटत, टाचेला बोटं भिडवत निघाला. मुलं फिदीफिदी हसत होती. नव्वदीच्या आसपास त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

नवी खूण झाली. दादाचे बूट पुन्हा पायात. तो धावला... पाय पट्टीवर... आणि तो हवेत असेपर्यंत मी श्वासच घेतला नाही.

सात मीटर चार सेंटिमीटर.

बाबांनी चुन्याची बादली सोडून टाळ्या वाजवल्या. मामानं पिशवी खाली ठेवली. आणि तो, सगळ्यांचे हात पाठीवर झेलून, पुन्हा ते फाटके बूट घालून खड्ड्यापाशी उभा राहिला. टाचेला बोटं भिडवत माझ्या दिशेनं यायला लागला.

"आता काय मोजताय?"

"बोलू नका... एकोणसाठ, साठ, एकसष्ट." तो माझ्या खुर्चीपाशी थांबला. "रोज तुमच्या नेहमीच्या जागेपर्यंत सदतीस असतात. आज तुम्हाला लांब बसवलं."

"रोज?" मी खुर्चीवरून उठले. "रोज मोजायचात?"

"पहिल्या दिवसापासून, तुमची पाठ वळली की. धावेचं अंतर नंतर, आधी हे." तो घामाघूम होऊन हसला. "तुमच्यापाशी पोचायला किती लागतात, ते माहीत असावं म्हणून."

मी त्याच्या मनगटावरच्या डागावर हळूच बोट ठेवलं. त्यानं हात काढून घेतला नाही.

"वसतिगृहापासून इथे किती?" मी विचारलं.

"बसनं एक तास. पावलांनी मोजायचं म्हटलं तर—"

"नको," मी म्हटलं. "मी मधेच बोलेन, आणि तू परत पहिल्यापासून सुरू करशील. बसनंच ये."

रविवारी तो बसनंच आला. वाळू मी नुकतीच विंचरली होती. तो खुशाल तीतून चालत माझ्यापर्यंत आला, आणि मी ओरडले नाही.