एका कोयत्याचा देह

प्रयोगशाळेच्या मधोमध एक माणूस उभा होता आणि तो कुणीच नव्हता.

काचेच्या चौथऱ्यावर नुसत्या उजेडाचा केलेला. साडेपाच फुटी, बाई की बाप्या ते कळू नये असा. त्याचं नाव प्रमाण-देह. द्वारका घुगेने त्याच्याभोवती अनवाणी एक फेरी मारली. चपला दारातच काढायला लावल्या होत्या.

"हात लावू का?"

"लागणार नाही, ताई. उजेड आहे." रेहाना मुजावर हसली. ती इथली तरुण अभियंता.

संचालक डॉ. केळुसकर घसा साफ करून पुढे आले. "माणूस किती दमतो हे श्रमतोल यंत्राला आम्ही शिकवलेलं नाही, द्वारकाबाई. ते स्वतः शिकलं. सहा वर्षं ऊसतोड कामगारांच्या मनगटांवर चाळीस हजार नाडीपट्ट्या आहेत. नाडी, घाम, कातडीची ऊब, हालचाल. त्या सगळ्या नोंदींतून यंत्राने नेहमीचा कष्टकरी माणूस बांधला. तो हा. आता कुणी विसावा मागितला, की यंत्र त्याच्या नाडीची याच्याशी तुलना करतं. याच्याहून जास्त दमला असेल तर मंजूर."

"आन् कमी दमला आसंल तर?"

"तर काम चालू."

कारखाने, दवाखाने, पोलीस, अग्निशमन, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे यंत्र चाचणी म्हणून लागू झालं होतं. कायद्याप्रमाणे ते कायमचं व्हायला ज्यांच्यापासून ते शिकलं त्या समाजातल्या एका साक्षीची सही लागे. ती सही द्वारकाने करायची होती. म्हणूनच गाडी पाठवून तिला उसाच्या फडातून आणलं होतं, चहा पाजला होता.

पण द्वारका सहीसाठी आली नव्हती. तिच्या ओच्यात एक घडी घातलेला कागद होता.

*विसावा-विनंती, सहावी वेळ. अर्जदार: गया घुगे, वय २२. कारण: तिसऱ्या महिन्यात पोट पडले, चार दिवस रक्तस्राव. प्रमाण-देहाच्या तुलनेत थकवा: सौम्य. नामंजूर.*

गया तिची धाकटी जाऊ. या घडीलाही ती डोक्यावर मोळी घेऊन चालत होती.

"ह्याचा दिवस दावा," द्वारका म्हणाली. "सकाळपून."

रेहानाने चौथऱ्याच्या कडेचं चक्र फिरवलं. उजेडाचा माणूस हलू लागला.

पहाटे ३. उठतो. वाकून काम. ("चूल," द्वारका पुटपुटली.)

५. हात जोरात चालतात.

९ वाजून १०. नाडी एकदम पडते. मिनिटभरात परत चढते.

१. तेच.

४. तेच.

रात्री ११. ओझं चढवतो.

झोप: अडीच तास.

"थांब पोरी. ते नऊ-धा पुना दाव."

केळुसकरांचा चेहरा खुलला. "बरोबर हेरलंत! याला आम्ही लघु-उभारी म्हणतो. चाळीस हजार पट्ट्यांत आढळली. कष्टकरी शरीर एका मिनिटात पुन्हा ताजंतवानं होतं. माझा निबंध आहे यावर."

द्वारका हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदराने डोळे पुसले, आणि पदर खाली आला तेव्हा चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं.

"सायेब, ती उभारी न्हाई. तवा बाई पट्टी सोडती आन् नवऱ्याच्या हाताला बांधती. लेकराला पाजायला बसती, न्हाईतर दोन घास खायाला. पट्टी थंड पडली की बोंबलती, मग मुकादम बोंबलतो. तो दमला की पट्टी पुना बाईला. ह्यो तुमचा माणूस न्हाई. ह्यो मी आन् माझा नवरा."

प्रमाण-देह तेवढा खालीवर वाकत राहिला.

"पट्टी एकट्याने घालायची असते," केळुसकर शेवटी म्हणाले. "सूचनापत्रकात लिहिलंय."

"सूचना होती, 'एका कोयत्याला एक पट्टी'. मुकादम आमाला मोजतो कसा? नवरा-बायको मिळून एक कोयता. नोंद एक, नाव एक, पट्टी एक. तो तोडतो, ती मोळी बांधती, वाहती. मग पट्टीबी दोघांनी वाटून घेतली. आमाला त्यात चूक दिसलीच न्हाई. तुमाला कामून दिसली न्हाई? तुमी तर शिकलेले."

रेहानाने चक्र थांबवलं. "सर, दोन माणसांचं काम आणि एका माणसाची झोप. असा देह जगात कुठेच नाही. आणि आपण सगळं राज्य याच्याशी ताडून पाहतोय."

"हा दावा झाला, रेहाना. पुनर्विलोकन समिती बसेल. दहा आठवडे धरा."

द्वारकाने ओच्यातला कागद पुढे केला. "धा आठवडे गया वाचंल का?"

केळुसकरांनी घड्याळ पाहिलं. द्वारकाने सही न करता चपला घातल्या.

रेहाना तिला फाटकापर्यंत सोडायला आली आणि तिथे तिने एक गोष्ट सांगितली. "यंत्र रोज शिकतं, ताई. एकजण वेगळा दिसला की त्याला कामचुकार ठरवून बाजूला काढतं. पण निम्म्याहून जास्त वेगळे दिसले, तर तेच प्रमाण धरतं."

"म्हंजी एकटा दमला तर आळशी, आन् सगळे दमले तर माणूस."

"हो."

"लई शाणं यंत्र हाय. गावासारकंच."

*

त्याच दुपारी द्वारकाचा आवाज फोनाफोनी करत तांड्यातांड्यांवर, पाचटाने शाकारलेल्या कोपीकोपीत पोचला. उद्यापासून पट्टी एकाच हाताला. बोंबलली तर बोंबलू द्या. आणि पट्टी बाईच्या हाताला.

"बाईच्याच कामून?" तिचा नवरा भानुदास विचारता झाला. "मग माझ्या नावानं कोण दमायचं?"

"गड्याच्या हाताला बांधली तर यंत्राला बाई अर्धीबी दिसायची न्हाई. आवं, ऱ्हावा की दोन महिने न दिसता. आमी जलमभर ऱ्हायलो."

भानुदासने कोयत्याला धार लावायला घेतली. म्हणजे त्याला पटलं होतं.

पहिल्या दिवशी अकराशे बायका कामचुकार ठरल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ हजार. मुकादमांनी शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी सोळा हजार. गयाच्या मोळ्या टोळीतल्या बायकांनी वाटून घेतल्या, तरी तिला पट्टी बांधून फडात उभं राहावंच लागलं. दुपारी ती उसाच्या पाचटावर कोसळली. यंत्राने लिहिलं: *सौम्य.*

चौथ्या दिवशी एकोणीस हजार नऊशे.

पाचव्या दिवशी आकडा निम्म्यापलीकडे गेला आणि कामचुकार कुणीच उरलं नाही.

*गया घुगे. थकवा: अतितीव्र. विसावा मंजूर, सक्तीचा, एकवीस दिवस. तातडीने दवाखान्यात न्यावे.*

एकोणीस हजार नऊशेव्या बाईपर्यंत यंत्राच्या लेखी गया खोटं बोलत होती. विसाव्या हजारानंतर ती मरायला टेकली होती. तिच्या अंगात मधल्या काळात काहीच बदललं नव्हतं, रक्त तेवढं कमी झालं होतं. ती वाचली, पण यंत्रामुळे वाचली असं कुणी म्हटलं की द्वारका तिथून उठून जाई.

*

दोन महिन्यांनी केळुसकर स्वतः फडावर आले. बुटांना चिखल, कपाळाला आठ्या.

"गेल्या आठवड्यात समितीपुढे माझं भाषण होतं. प्रयोगशाळेचं दार उघडेना! यंत्र म्हणतं, आज तुमच्या विसाव्याचा दिवस, घरी जा. दर अठ्ठावीस दिवसांनी दोन दिवस! अग्निशमन दलाचे जवान घरी, बंदोबस्तातले पोलीस घरी. माझ्या शरीरात असलं काही होत नाही, बाई!"

मोळ्या बांधणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. यंत्र चुकलं नव्हतं. साठ दिवस ते फक्त बायकांपासून शिकलं होतं. माणूस म्हटला की महिन्याकाठी दोन दिवस त्याचं अंग मोडून येतं, ऊब बदलते, हे त्याला आता ठाऊक झालं होतं.

"दुसऱ्याचं शरीर आमच्यावर लादलंय," केळुसकर म्हणाले. "हा अन्याय आहे."

आता कुणी हसलं नाही.

"ह्ये सुरू हून किती दीस झाले, सायेब?"

"सहा दिवस!"

सहा दिवसांत समिती बसली होती. तिने ठराव केला होता, ट्रक भरून नव्या पट्ट्या आल्या होत्या: प्रत्येक माणसाला एक, नवऱ्याला वेगळी, बायकोला वेगळी. त्या ट्रकाकडे बघत द्वारका एवढंच म्हणाली, "अन्याव म्हंजी काय ते तुमाला लौकर कळलं बगा."

रेहाना ट्रकाच्या मागून आली. तिच्या हातात एक कागद होता आणि ती तो पुढे करत नव्हती.

"ताई, यंत्राने पहिल्यांदाच प्रश्न विचारलाय. उत्तर साक्षीने द्यायचं आहे."

*चाळीस हजारांपैकी तेरा हजार देहांत मासिक चक्र आढळत नाही. वय: बावीस ते चाळीस. इतर देहांशी तुलना करता हे जुळत नाही. या देहांतून काय नाहीसे झाले आहे? कारण निवडा: आजार / वय / इतर.*

बायकांचे हात थांबले. पाळीचे दिवस कामात खाडे पाडतात म्हणून द्वारकाची गर्भाची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली होती. डॉक्टरने विचारलं नव्हतं, मुकादमाने घाई केली होती, भानुदासने अंगठा दिला होता. तिच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या बाईची चोविसाव्या वर्षी. तिच्या पलीकडच्या बाईची बाविसाव्या. आजवर कुणी मोजलं नव्हतं, कारण एका कोयत्याला एकच पट्टी होती आणि तिच्यात बाई अर्धीच मावली होती.

केळुसकर कागद वाचत होते. वाचून झाल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

द्वारकाने पेन घेतलं. 'आजार' खोडलं. 'वय' खोडलं. 'इतर'च्या पुढे एका ओळीची जागा होती.

"ह्यात मावायचं न्हाई," ती म्हणाली. "कागद आण पोरी. तेरा हजार."