दाब, धर, सोड

डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने दर चाळीस सेकंदांनी एक थेंब पडत होता. मी घड्याळ लावून मोजलं. खालच्या बशीत तो पिवळसर, चिकट पसरायचा... ब्रेकचं तेल. या वेगाने सोमवारपर्यंत डबी रिकामी झाली असती, आणि मंगळवारी बाबांना डायलिसिससाठी जालन्याला न्यायचं होतं.

आमचं घर तीर्थपुरीपासून चार किलोमीटर आत. पावसात तिथली काळी माती चाक सोडत नाही. ट्रॅक्टर, नाहीतर चारही चाकं ओढणारी आमची जुनी जीप, एवढंच काय ते बाहेर पडतं. संपत सर, म्हणजे माझे बाबा, शाळेत विज्ञान शिकवायचे आणि वीस वर्षं ती जीप स्वतःच दुरुस्त करायचे. मूत्रपिंडं निकामी झाली, बोटं सुजली, आणि पाने माझ्याकडे आले.

शनिवारी नवीन जालन्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात भिजतच शिरले. मी तिथल्याच बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते.

"जुन्या जीपचं मागच्या ब्रेकचं रबर. एक इंच."

काउंटरमागच्या तरुणाने वर पाहिलं. भुवईवर ग्रीसचा डाग होता. "अंदाजे एक इंच?"

"पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. मोजलंय."

"मिस्त्रीने?"

"मी."

तो हसला नाही. ते मला आवडलं. माळ्यावर चढला आणि केसांत कोळ्याची जाळी घेऊन उतरला. "शेवटचं आहे. पण मॅडम, नंतर ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक खाली."

"बाबा दाबतील पेडल."

"आणि नाही जमलं त्यांना तर?" त्याने रबर कागदात फार सावकाश गुंडाळलं. "रविवारी आमचं दुकान बंद असतं..."

"मी काही बोलावलं नाही तुम्हाला."

"न्हाई. मीच विचारून राह्यलो."

तो आला. श्रेयांस. बाबांनी "जय भीम" म्हटलं, त्याने हात जोडून "जय जिनेंद्र" म्हटलं, आणि दोघंही आधी चाकाकडे वाकले. बाबांचा पाय पेडल धरू शकला नाही. मग मी बसले. त्याने खालून "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरून ठेवायचं. तो छोटा स्क्रू उघडतो, बुडबुडे बाहेर येतात, पेडल हळूहळू खाली जातं. स्क्रू बंद करून तो "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. फक्त आवाज.

"तुमचा पाय विश्वासाचा आहे," तो खालून म्हणाला.

"फक्त पाय?"

"बाकीचं अजून तपासलं न्हाई."

मी एकटीच हसले...

दिवाळीत, क्लचची तार बदलताना, त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, "बाबांचं झाल्यावर." तो बराच वेळ हात पुसत राहिला.

त्यानंतर त्याने एकही रविवार चुकवला नाही. जीप चालली की बाबा दवाखान्यात पोचत. बाबा पोचले की श्रेयांसचं वाट बघणं लांबत जाई. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी तो प्रत्येक नट दोनदा घट्ट करायचा.

"घरी सांगितलं?" एकदा मी विचारलं.

"सांगितलं. आई महिन्यापासून बोलून न्हाई राह्यली."

"आणि जेवण?"

"वाढते. बराबर एक फुलका कमी."

या रविवारी उजव्या चाकाचं रबर गेलं. नवीन बसवलं, हवा काढायची होती. बाबा ओसरीत खाटेवर होते, पाय उशीएवढे सुजलेले.

"ठेवून द्या ते पाने," ते म्हणाले. "मंगळवारी मी न्हाई येणार."

"बाबा, एकदा जरी चुकलं तर—"

"काय होतं ते मला ठाऊक हाय. शास्त्र मीच शिकवलं तुला." त्यांना धाप लागली. "तू त्याला म्हणलीस, माझं झाल्यावर. दिवाळीतच ऐकलं मी, बहिरा न्हाई झालो. मंग होऊ दे की जल्दी. पोरगं वर्षभर चिखलात लोळून राह्यलंय."

जीपखाली श्रेयांसच्या पान्याचा आवाज थांबला.

मी काय केलं होतं ते मला तेव्हा नीट दिसलं. माझ्या लग्नाची तारीख मी त्यांच्या मरणावर टांगली होती. आणि ते ती जवळ आणायला निघाले होते.

मी स्टिअरिंगमागे बसले. "श्रेयांस, सांग."

खालून आवाज आला. "दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय. स्क्रू उघडू नको अजून."

"पाय दुखेल तुझा..."

"दुखू दे." मी खाटेकडे तोंड केलं. आवाज मोठा काढला. "बाबा, ऐका. नोंदणी लग्नाची नोटीस दिली की तीस दिवस थांबावं लागतं. परवा तुम्हाला दवाखान्यात सोडलं की आम्ही दोघं नोटीस द्यायला जाणार. परवा धरून तीस दिवसांत, आठवड्याला दोन अशी, नऊ डायलिसिस येतात. नऊच्या नऊ करायची, कारण साक्षीदाराची पहिली सही तुमची आहे. मी याच्याशी लग्न करतेय, बाबा... तुमचं झाल्यावर नाही. तुम्ही असताना."