आंब्रोजचा अंगठा

आमच्याकडे सापळे उकळायचा दिवस पानगळ सरत आली की येतो. सकाळी तळ्याच्या काठाला बर्फाचा पापुद्रा दिसतो, पण मधलं पाणी अजून मोकळं असतं. माझा दीर व्हिटाल अंगणात दोन अर्धी कापलेली पिंपं मांडतो, खाली सरपण रचतो, आणि मग दोन दिवस घराला माणसाचा वास नको. तंबाखू बंद, डुकराची चरबी तळणं बंद, कुत्रा शेजारच्यांकडे. ज्याच्या कातड्यासाठी हे सापळे, त्या मुंगसासारख्या मार्टेनचं नाक फार तिखट. लोखंडाला माणसाचा हात लागलेला त्याला महिन्यानंतरही कळतो.

तंबाखूवाचून व्हिटाल सरपणाशीसुद्धा भांडतो. अडुसष्ट वर्षांचा झाला, पण अक्कलदाढ काही आलेली नाही. मी त्याला तसं सांगतेही.

सापळे आधी राखेच्या पाण्यात उकळून जुनं वंगण काढायचं. मग आल्डर झाडाच्या सालीच्या काढ्यात काळेभोर होईपर्यंत ठेवायचे. शेवटी दुसऱ्या पिंपात, उकळत्या पाण्यावर मेण तरंगत असतं त्यातून, आकड्यानं अगदी सावकाश वर ओढायचे. घाई केली की मेण जाड बसतं आणि थंडीत तडकतं. मग अंगणातल्या स्प्रूसच्या झाडाच्या फांद्यांना टांगायचे. हे सगळं हातमोजे घालून, आणि ते हातमोजेही त्याच काढ्यात उकळलेले. उघडं बोट लागलं की त्या सापळ्याचा हंगाम गेला.

हे मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. आंब्रोजचा डावा अंगठा तरुणपणी कुऱ्हाडीखाली गेला होता, निम्माच उरला होता. हातमोज्याचं रिकामं टोक सापळ्याच्या साखळीत अडकायचं, म्हणून मी ते मुडपून लाल दोऱ्यानं शिवून द्यायची. पाच वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या कोवळ्या बर्फावरून तळ्यापलीकडच्या आमच्या खोपटाकडे निघाला आणि बर्फ फुटला. तळं खोल आहे. तो सापडला नाही. हातमोजे त्याच्या हातातच होते.

पुढच्या पानगळीत व्हिटालनं पिंपं मांडली तेव्हा मी त्याला अडवायला गेले. सापळ्यांची वाट त्या खोपटापासूनच सुरू होते, आणि पहिल्या बर्फावरच जायचं, दादा जायचा तसंच, हा त्याचा हट्ट.

"वहिनी, दादाची वाट गवतात जाऊ देऊ का?" तो म्हणाला.

"आणि तुला पाण्यात जाऊ देऊ?"

"जुनं हाड आहे. तरंगेल."

मी हसले नाही. या घरात भांडायला मला तो एकटाच उरला होता.

दुपारी सापळे टांगून आम्ही चहाला आत गेलो. तेवढ्यात तळ्यावरून धुकं चढलं. कुठे पान हलत नव्हतं, पण अंगणात साखळ्या वाजत होत्या, सावकाश, एकेक करून. बाहेर आलो तर वाजणं थांबलं. आल्डरच्या कडवट वासात दुसराच एक वास मिसळला होता... ओल्या लोकरीचा, तळाच्या गाळाचा. आणि प्रत्येक सापळ्यावर, ताज्या मेणात, उघड्या अंगठ्याचा ठसा.

व्हिटाल माझ्यावर उखडला. मला अडवायला तूच हे केलंस, म्हणाला. खरं सांगायचं तर ते माझ्या मनात येऊन गेलं होतं, म्हणून शब्द जास्तच लागले. मी हातमोजा काढून माझा अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं सापळा उजेडाकडे वळवला. ठसा आखूड होता, टोकाला गोल, नखाची खूण नसलेला.

"वहिनी..." एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा धुतलं, रंगवलं, मेणातून काढलं. पुन्हा ठसे. तेव्हा त्यानं पाइप पेटवला, तिथेच, सापळ्यांखाली. आमच्याकडे असं केलं म्हणजे हंगाम सोडला. "दादानं मला अंगठा दाखवला," म्हणाला आणि रडता रडता हसला.

त्यानंतर तीन पानगळी हेच झालं. व्हिटाल जिद्दीनं पिंपं मांडायचा, आंब्रोज अंगठा दाखवायचा. भीती वाटायची, पण मी त्या दिवसाची वाटही बघायची. ठशावर बोट ठेवून उभी राहायची. नवऱ्याशी माझं तेवढंच बोलणं उरलं होतं.

यंदा धुकं आलं, साखळ्या वाजल्या. बाहेर जाऊन बघते तर मेण आरशासारखं स्वच्छ. एकावरही ठसा नाही. व्हिटाल शीळ घालत कुऱ्हाडीला धार लावायला गेला. दादानं परवानगी दिली, म्हणाला.

मी एकेक सापळा तपासत गेले. शेवटच्या फांदीवर आमच्या उकळलेल्या हातमोज्यांशेजारी आणखी एक टांगलेला होता. डाव्या हाताचा. पाणी निथळत होतं. अंगठा मुडपलेला, लाल दोऱ्यानं शिवलेला. टाके माझे होते.

मग मला कळलं. ठसे का नाहीत ते. या वेळी आंब्रोजनं हातमोजा घातला होता, कामाला निघताना घालायचा तसा. भावाला तो आता अडवत नव्हता. त्याला सोबत हवी होती.

"नाही," मी धुक्याला म्हणाले. "तू माझा आहेस. पण तुझा भाऊ आता माझ्याजवळच राहील."

मी माझे हातमोजे काढले. मेणात अंगठा दाबत झाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, एकही सापळा सोडला नाही. पकडली जाणार हे माहीत होतं. दीर आयुष्यभर अबोला धरेल तर धरो.

व्हिटाल परत आला. सापळ्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून पाइप काढला.

"पुन्हा दादाच," तो हळूच म्हणाला.

मी पुढे होऊन पाहिलं. मग माझा अंगठा पाहिला. तो पुरा होता. मेणातले सगळे ठसे आखूड होते.

तो हातमोजा मी चुलीवरच्या दोरीला वाळत घातलाय. व्हिटाल त्याविषयी काही विचारत नाही, फक्त आपली खुर्ची त्यानं जरा लांब सरकवली आहे. आज तिसरा दिवस, तरी खाली अजून थेंब पडतायत. शेजारी उजव्या हातमोज्यापुरती जागा मी मोकळी ठेवली आहे.